सुपारी आणि रॉयल्टी

टेनेसीच्या डोंगरात १९ जानेवारी १९४६ रोजी एका लाकडी खोपटात मुलगी जन्माला आली आणि बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरला बापानं फी म्हणून मक्याच्या पिठाची गोणी दिली. डॉली पार्टनची ही गोष्ट इथे इंग्लंडातही अनेकांना ठाऊक आहे. बारा भावंडांतली ती चौथी. बाप दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणारा, अक्षरओळख नसलेला. आईनं चिंध्या जोडून पोरीला कोट शिवला आणि शिवता शिवता बायबलमधल्या योसेफाच्या रंगीबेरंगी अंगरख्याची गोष्ट सांगितली. पोरगी ऐटीत शाळेत गेली, तर पोरं फिदीफिदी हसली. पुढे मोठेपणी गाण्याच्या दौऱ्यावर असताना गाडीत बसल्या बसल्या तिला या कोटाचं गाणं सुचलं. हाताशी कागद नव्हता म्हणून सोबतच्या गायकाच्या कपड्यांची ड्रायक्लीनिंगची पावती घेतली आणि तिच्यावर ते लिहून काढलं. १९७१ साली ते बाजारात आलं. कंट्री म्युझिक म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं गाणं, आणि त्या गाण्यातलं हे सगळ्यांत लाडकं दारिद्र्य.

मलाही ही गोष्ट आवडते, पण ती आपल्याला इतकी का आवडते याचा मला थोडा संशय येतो. शेवट ठाऊक असला की मधली उपासमार ऐकायला बरी वाटते. ‘बघा, हाल काढले म्हणून मोठी झाली’ असं म्हणायला आपण मोकळे. हाल काढूनही मोठं न झालेल्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. आणि मोठं होऊनही हालातच गेलेल्यांची तर अजिबात नाही.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर ही त्या शेवटच्या प्रकारातली. १९३५ साली पंढरपुरात जन्म. घरात तमाशाचा फड आजोबांपासूनचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या नावानं चाललेला. शाळेशी तिचं जमलं नाही. पाय बोर्डावर पडले ते लहानपणीच. गण, गवळण, बतावणी, वग हे तिला शिकवावं लागलं नाही, ते घरातल्या भाकरीसारखं समोर होतं. गळा खडा, अदा ठसठशीत, आणि ढोलकीच्या तोडीला उत्तर देणारा पाय. १९५७ साली राष्ट्रपतींच्या हस्ते पदक, १९९० साली पुन्हा एकदा. गावोगावच्या यात्रांत ‘विठाचा तमाशा’ आला म्हटलं की बैलगाड्या जुंपून लोक निघत.

तिच्याबद्दलची एक हकीकत महाराष्ट्रात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिची कहाणी होऊन बसली. दिवस भरलेले असताना ती बोर्डावर उभी होती. कळा आल्या तशी कनातीमागे गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ ठेचली आणि राहिलेला खेळ पुरा करायला पुन्हा बाहेर आली. प्रेक्षकांच्या ध्यानात आलं की मघाचं पोट आता नाही. तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि तो म्हणतो, ‘काय ही कलेवरची निष्ठा!’ निष्ठा होतीच. पण मला नेहमी दुसरंच काहीतरी दिसतं. त्या रात्रीची सुपारी घेतलेली होती. खेळ मोडला असता तर गाववाल्यांनी पैसे अडवले असते, आणि फडातल्या सगळ्यांच्या चुली त्या पैशांवर पेटायच्या. बाळंतिणीला रजा मिळावी अशी सोय त्या धंद्यात कुणी केलेलीच नव्हती. तिला देवी करून टाकलं की हा हिशेब बघायची गरज उरत नाही.

तमाशाचं अर्थकारण ज्यानं नारायणगावात चैत्राच्या तोंडावर बघितलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. गुढीपाडव्याच्या आसपास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर त्या त्या फडाच्या नावाचा फलक, आत सतरंजी, गादी, एखादी लोखंडी पेटी आणि तारखांची वही. गावोगावचे पंच येतात, चहा होतो, मग घासाघीस. अमुक गावच्या यात्रेला अमुक तारीख, अमुक रक्कम. एवढी आत्ता, उरलेली खेळ झाल्यावर. हीच सुपारी. फडमालकानं त्याच्या कितीतरी आधी, दसऱ्याला हंगाम सुरू करताना, व्याजानं पैसे उचललेले असतात. त्यातून त्यानं कलावंतांना उचल दिलेली असते. उचल घेतली की कलावंत त्या हंगामापुरता बांधला गेला. पुढे ट्रक, तंबू, कनाती, जनरेटर, एवढ्या माणसांचं दोन वेळचं जेवण. मध्येच वळीव आला, गावात भांडण झालं, निवडणुकीची आचारसंहिता लागली, दुष्काळ पडला, की ती रात्र बुडाली. पावसाळ्यात चार महिने काहीच नाही. पुढच्या दसऱ्याच्या तोंडावर कर्ज फेडायचं की नवं काढायचं, एवढाच प्रश्न.

या सगळ्या गणितात पैसा फक्त त्या रात्रीचा असतो. दौलतजादा झाला तर तोही त्याच रात्रीचा. लावणी मात्र पहाटे लोकांबरोबर घरी जाते, शेतात गुणगुणली जाते, पुढच्या गावात दुसरा फड तीच लावणी म्हणतो, शहरात कुणी तिचा बाज उचलून सिनेमात घालतो. गाणं हिंडत राहतं आणि पैसा जिथल्या तिथे संपतो. विठाबाईच्या नावातच जात होती. ज्यांनी तिच्यावर पैसे उधळले त्यांतल्या किती जणांनी तिला आपल्या पंक्तीला बसवलं असतं, हा प्रश्नही याच हिशेबातला आहे. १५ जानेवारी २००२ रोजी ती गेली. आयुष्याची शेवटची वर्षं ओढगस्तीची होती. दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भागवलं. चार वर्षांनी, २००६ मध्ये, राज्य सरकारनं तमाशा क्षेत्रातल्या जीवनगौरव पुरस्काराला तिचं नाव दिलं.

आता आमचं बेसिंगस्टोक. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून पाऊण-एक तासाच्या अंतरावरचं हे गाव. गोल चौक इतके की नवखा माणूस गाडी घेऊन गरगरत राहतो. विमा कंपन्या, आयटीची ऑफिसं आणि त्यांच्या मागोमाग आलेली आम्ही मराठी मंडळी. या गावाला तमाशाशी काही देणंघेणं असायचं कारण नाही. पण जुन्या बाजारपेठेत, विलिस म्युझियमसमोर, जेन ऑस्टिनचा ब्राँझचा पुतळा आहे; २०१७ साली, तिच्या मृत्यूला २०० वर्षं झाली तेव्हा बसवलेला. आपल्या उंचीचा, रस्त्यावरच चालत निघाल्यासारखा. चौथरा नाही, कुंपण नाही. पोरं तिच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात. ती इथून जवळच्या स्टिव्हेंटनची. १७७५ साली तिथल्या पाद्र्याच्या घरी जन्मली आणि तरुणपणी नाचाच्या कार्यक्रमांना बेसिंगस्टोकला येत असे.

ती उपाशी नव्हती, हे आधी सांगून टाकते. पण वडील गेल्यावर आई आणि दोघी बहिणी भावांच्या आधारावर राहिल्या, स्वतःचं असं उत्पन्न जवळपास नाही. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा पहिला खर्डा तिनं स्टिव्हेंटनलाच लिहिला होता. १८१२ साली ती कादंबरी तिनं हक्कांसकट प्रकाशकाला विकली, ११० पौंडांना. तिला १५० हवे होते. पुस्तक जानेवारी १८१३ मध्ये निघालं, त्याच वर्षी दुसरी आवृत्ती झाली, पुढे तिसरी, आणि आजवर किती झाल्या ते कुणी मोजत नाही. त्या ११० पौंडांच्या वर तिला एक पैसाही मिळाला नाही. त्याआधीचं ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ मात्र तिनं हक्क आपल्याकडे ठेवून, तोटा झाला तर तो आपल्या अंगावर घ्यायच्या बोलीवर छापवलं होतं. त्याच्या पहिल्या आवृत्तीतच तिला १४० पौंड सुटले. म्हणजे बाईनं एकदा जोखीम घेतली आणि पुढच्या खेपेला सुपारी घेऊन मोकळी झाली. तिच्या आणखी एका हस्तलिखिताची तऱ्हा तर याहून मजेची. प्रकाशकानं ते १८०३ साली १० पौंडांना घेतलं, छापलंच नाही, आणि १८१६ मध्ये तेवढेच १० पौंड मोजून ते परत मिळवावं लागलं. आज इंग्लंडच्या १० पौंडांच्या नोटेवर तिचा चेहरा आहे. योगायोगच, पण बाजारात सुटे मोजताना कधी कधी हसू येतं.

हक्क विकून मोकळं होणं डॉली पार्टननं नेमकं टाळलं. विशीतच तिनं आपल्या मामाच्या साथीनं गाण्यांचे हक्क सांभाळणारी कंपनी काढली. गळा कुणाच्याही रेकॉर्डवर जावो, गाणं आपलं राहिलं पाहिजे, हे या डोंगरातल्या पोरीला इतक्या लवकर कसं कळलं असेल? कदाचित दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या बापाकडे बघून. ती जमीन पिकली तरी मालकाचा वाटा आधी बाहेर जातो, हे त्या घरात रोज दिसत होतं. हा माझा तर्क. तिनं असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

१९७३ साली तिनं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ लिहिलं. ज्याच्या टीव्ही कार्यक्रमानं तिला घरोघरी पोचवलं त्या पोर्टर वॅगनरचा निरोप घेताना लिहिलेलं ते गाणं. पुढच्या वर्षी ते गाजलं आणि एल्व्हिस प्रेस्लीला ते गायची इच्छा झाली. डॉली हरखून गेली. पण ध्वनिमुद्रण तोंडावर आलं असताना एल्व्हिसच्या मॅनेजरचा निरोप आला: गाण्याचे निम्मे हक्क आम्हाला द्या, नाहीतर एल्व्हिस गाणार नाही. एल्व्हिसला नाही म्हणायचं! त्या काळी असं कुणी म्हणत नसे. तिनं म्हटलं आणि रात्रभर रडली, असं तिनंच पुढे सांगितलं. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी तेच गाणं गायलं आणि ते जगभर वाजलं. अख्खे हक्क डॉलीचे असल्यामुळे गाणारी दुसरी असली तरी लिहिणारीचा पैसा लिहिणारीच्या घरी आला. त्याच सुमाराला, १९९५ पासून, तिनं आपल्या जिल्ह्यातल्या लहान मुलांना दर महिन्याला टपालानं एक पुस्तक फुकट पाठवायला सुरुवात केली. बाप निरक्षर होता त्याची ही परतफेड. २००७ मध्ये ती योजना इंग्लंडातही आली. २०२३ पर्यंत वाटलेल्या पुस्तकांचा आकडा २० कोटींवर गेला.

गळा डॉली आणि विठाबाई दोघींकडे होता, कष्टही दोघींचे, आणि दारिद्र्य तर दोघींच्या घरी पाटावर बसलेलं. फरक पडला तो गाणं कुणाच्या नावावर आहे, इथे. आपल्याकडे हे ज्यांना वेळीच कळलं त्यांतल्या एक लता मंगेशकर. १९४२ मध्ये वडील मास्टर दीनानाथ गेले तेव्हा त्या अवघ्या बारा वर्षांच्या, आणि घर त्यांच्यावर आलं. पुढे साठच्या दशकात गायकांनाही रॉयल्टी हवी म्हणून त्या हटून बसल्या, तेव्हा मोहम्मद रफींसारख्या सज्जन माणसाशीही बिनसलं. रफींचं म्हणणं, एकदा मानधन घेतलं की विषय संपला. काही वर्षं दोघांची द्वंद्वगीतं बंद होती. लोकांनी तेव्हा लताबाईंना व्यवहारी म्हणून नावं ठेवली. आपल्याकडे कलावंत व्यवहारी असला की आपल्याला रुखरुख लागते. तो उपाशी मेला की मग आपण त्याच्या नावानं पुरस्कार काढतो. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा दुरुस्त झाला. त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर भांडले. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क आता लिहून घेतला तरी जात नाही, गायकांनाही वाटा आहे.

पण हा कायदा विठाबाईच्या राहुटीपर्यंत पोचला असता का? मला नाही वाटत. तिनं जे गायलं त्यातलं बरंचसं पिढ्यान्‌पिढ्यांचं. ते कुणाच्या नावावर करायचं? अमेरिकेतही हा घोळ झालेला आहे. १९२७ साली टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात एका कंपनीनं तात्पुरता स्टुडिओ थाटला आणि डोंगरातल्या गाणाऱ्यांना बोलावलं. कार्टर कुटुंब तिथूनच पुढे आलं. त्यातला ए. पी. कार्टर नंतर गावोगाव फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून जुनी गाणी गोळा करायचा आणि ती आपल्या नावावर नोंदवायचा. त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवाला असे. कार्टर शब्द टिपून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात साठवून आणायचा. नावही कार्टरचं, पैसाही कार्टरचा. म्हणजे कुंपण घातलं की कुणाचं तरी पोट भरतं, हे खरं. आणि त्याच कुंपणाबाहेर कुणीतरी उभा असतो, हेही खरं. लावणीला मालक नव्हता म्हणून ती इतक्या फडांतून जगली. तिला मालक लावून विठाबाईचं भलं झालं असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. भलं झालं असतं ते राबणाऱ्या अंगाला पैसे मिळाले असते तर. बाळंतपणाची रजा, पावसाळ्यातलं मानधन, म्हातारपणीची पेन्शन. राज्य सरकार वयोवृद्ध कलावंतांना मानधन देतं, ते आता दरमहा ५,००० रुपये आहे. ज्यांच्याकडे कागदपत्रं असतात त्यांना मिळतं. रात्री एका गावी नि सकाळी दुसऱ्या गावी असलेल्या माणसांकडे कागदपत्रं किती असणार, हे कुणीही ओळखेल.

इथे इंग्लंडात सार्वजनिक जागी गाणं वाजवायचं तर परवाना काढावा लागतो. त्याचे पैसे पीपीएल आणि पीआरएस या संस्थांमार्फत गीतकार, संगीतकार, रेकॉर्ड कंपन्या आणि ज्यांनी नोंदणी केली आहे अशा कलाकारांकडे जातात. आमच्या गणपतीला शाळेचा हॉल घेतो तेव्हा खर्चात हीही ओळ असते. कुणी तक्रार करत नाही. मंडळाचा हिशेब यंदा माझ्याकडे आहे, त्यामुळे यादी समोरच पडली आहे: हॉलचं भाडं, साउंड सिस्टिम, परवाना, केटरर, सजावट. आणि सगळ्यात खाली, रकमेच्या जागी प्रश्नचिन्ह घालून, लावणीच्या कार्यक्रमासाठी रेडिंगहून येणारा ढोलकीवाला.

“त्याचं बघू गं नंतर,” समितीतले काका फोनवर म्हणाले. “पोरगा आपलाच आहे, आवडीनं वाजवतो. शाल-श्रीफळ देऊ.”

“काका, हॉलवाले पण आपलेच आहेत, त्यांना शाल-श्रीफळ देऊन बघायचं का?”

ते हसले, पण पटलं नाही हे कळत होतं. मी ढोलकीवाल्याची ओळ उचलून हॉलच्या वर नेली आणि समोर १५० पौंड लिहिले. काकांचं म्हणणं, मग केटररमध्ये काटछाट करावी लागेल. पुरणपोळीऐवजी शिरा चालेल का, यावर रविवारी बैठक आहे.